कार्ड उचलण्याआधी

"काम करतेय," फिरकी म्हणाली, आणि मोजणीबाईंच्या हातातला कॉफीचा कागदी कप ओठांशी जाता जाता थांबला. खरं तर घडलं काहीच नव्हतं. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती, तिसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये काचेतून ऊन आलं होतं, आणि एका जागी बसणं रक्तातच नाही म्हणून सगळ्यांनी जिचं नाव फिरकी ठेवलं होतं ती फंक्शनवाल्यांच्या टीममधली मुलगी हात मागे बांधून खिडकीपासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होती. "काय गं, आज काम नाही वाटतं?" असं मोजणीबाईंनी विचारलं होतं तेही आपलं सहज, समोर माणूस दिसलं की काहीतरी बोलावं म्हणून.

"कुठलं काम?"

"ते परत आलेल्या ऑर्डरींचं. कालपासून डोक्यात घोळतंय."

"पण त्या कामाचं कार्ड तुझ्या नावावर नाहीये. मी आत्ताच बोर्ड बघून आले."

"डोक्यात पुरतं बसलं की मगच घ्यायचं ना कार्ड," फिरकी हसून म्हणाली. "आधी घेतलं की हात शिवशिवतात, आणि मग माणूस काहीतरी भलतंच लिहून बसतो. आमच्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलंय सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांनाच. का हो?"

"काही नाही," मोजणीबाई म्हणाली, कप तसाच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आपल्या खोलीकडे चालू लागली. चालताना तिच्या लक्षात आलं की आपले कान गरम झालेत आणि बोटं मात्र गार पडलीत, आणि हे दोन्ही एकाच वेळी कसं होऊ शकतं याचा तिने एखादा सेकंद विचारही केला. मोजणीबाई हे तिला ऑफिसने दिलेलं नाव. एकोणीस वर्षं ती या कंपनीत इतरांचे अहवाल तपासत, दुरुस्त करत, त्यांच्या आकड्यांना टेकू देत आली होती, आणि अकरा महिन्यांपूर्वी डायरेक्टरसाहेबांनी तिला बोलावून पहिल्यांदाच एक काम तिच्या स्वतःच्या नावावर दिलं होतं. प्रश्न जुनाच होता, या इमारतीत त्यावरून जेवणाच्या टेबलांची वाटणी झालेली होती. प्रोग्रॅम लिहायच्या दोन रीती. ऑब्जेक्टवाले प्रोग्रॅम रचतात तो जणू एखादं घर चालवल्यासारखा. प्रत्येक वस्तूचा आपला संसार, आपली कपाटं, आपल्या सवयी, आणि दुसऱ्याच्या कपाटाला कुणी हात लावायचा नाही. फंक्शनवाल्यांना संसार नको असतो. त्यांच्याकडे एका बाजूने माल आत जातो, दुसऱ्या बाजूने नवा माल बाहेर पडतो, आणि आत गेलेल्याला कुणी ओरखडाही काढत नाही. दोघेही एकमेकांना येडे समजतात. या दोन रीतींपैकी कुठल्या रीतीने माणसाचं काम लवकर होतं, ते भांडून नाही, मोजून सांगा, असं डायरेक्टरसाहेब म्हणाले होते.

आणि तिने मोजलं होतं. कसं मोजलं होतं! दोन्हीकडे नऊ-नऊ माणसं, वय सारखं, अनुभव सारखा. चारशे बारा कामं, प्रत्येक काम किती मोठं आहे ते आधी तीन तिऱ्हाइतांकडून ठरवून घेतलेलं, म्हणजे एका बाजूला लाडू आणि दुसऱ्या बाजूला दगड असं व्हायला नको. झालेल्या कामात पुढे किती चुका निघाल्या तेही मोजलं; त्या दोन्हीकडे सारख्याच निघाल्या. कुणाच्या घरी आजारपण होतं, कुणाची खुर्ची मोडकी होती, कुणाच्या डोक्यावरचा दिवा लुकलुकत होता, याचीसुद्धा तिने नोंद ठेवली होती आणि त्यावरून लोक तिला हसले होते. काम सुरू कधी झालं आणि संपलं कधी, हे मात्र तिला कुणाला विचारावं लागलं नव्हतं, ते कॉम्प्युटरवरचा कामांचा बोर्डच सांगत होता. माणूस बोर्डावरचं कार्ड आपल्या नावावर घेतो तेव्हा घड्याळ सुरू, 'झालं' म्हणून पलीकडे सरकवतो तेव्हा बंद. इतकं साधं, इतकं सरळ की त्याच्याकडे परत वळून बघावं असं तिला एकदाही वाटलं नाही. उत्तर आलं होतं एकतीस. फंक्शनवाले एकतीस टक्क्यांनी वेगवान. डायरेक्टरसाहेब इतके खूश झाले की त्यांनी तो आकडा छापून लिफ्टच्या दारांवर चिकटवला. दारं उघडली की तीन एकीकडे जायचा आणि एक दुसरीकडे. आज दुपारी तीन वाजता त्या आकड्यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं. ऑब्जेक्टवाल्यांची टीम मोडायची होती, त्यांच्यातल्या नऊही जणांना 'दुसरीकडे सामावून घ्यायचं' होतं, आणि हे शब्द ज्यांच्या वाट्याला येतात ती माणसं महिन्याभरात पिशवीत आपला मग आणि चार्जर भरून जाताना दिसतात, हे एकोणीस वर्षांत तिने पुष्कळदा पाहिलं होतं. आणि तिच्यासाठी मोजणीचा एक अख्खा स्वतंत्र विभाग निघणार होता. दारावर पाटी, हाताखाली सहा माणसं.

खोलीचं दार लावून ती खुर्चीत बसली आणि तिला ऑब्जेक्टवाल्यांचे काका आठवले. काका म्हणजे त्या टीमचे प्रमुख, पंचावन्नचे, तापट, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. त्यांच्याकडे साडेनऊचा नेम होता. साडेनऊला प्रत्येकाचं कार्ड प्रत्येकाच्या नावावर लागलेलं पाहिजे म्हणजे पाहिजे, कारण फार पूर्वी एकदा त्यांच्या दोन माणसांनी एकमेकांना नकळत एकच काम चार-चार दिवस केलं होतं आणि त्यावरून झालेली शोभा काका अजून विसरलेले नव्हते. त्यांचा माणूस आधी कार्ड घ्यायचा आणि मग कार्ड घेऊन विचार करत बसायचा. आणि गुरुजींचा, म्हणजे फंक्शनवाल्यांच्या प्रमुखांचा, माणूस आधी विचार करायचा, फेऱ्या मारायचा, खिडकीतून बाहेर बघायचा, आणि मग कार्ड घ्यायचा. म्हणजे काकांच्या माणसाचा विचार घड्याळाच्या आत होता आणि गुरुजींच्या माणसाचा विचार घड्याळाच्या बाहेर. अकरा महिने आपण रीती मोजतच नव्हतो, तिच्या मनात आलं, आपण ह्या दोन प्रमुखांच्या सवयी मोजत होतो.

कुणाला कळणार आहे? हा प्रश्न तिच्या मनात आला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तो आला, आणि चांगला ऐसपैस मांडी घालून बसला. अहवाल तीन जणांनी वाचून पास केला होता. फिरकी काही डायरेक्टरसाहेबांना जाऊन सांगणार नव्हती, आपण काय बोलून गेलो हे तिच्या गावीही नव्हतं. तीन वाजायचे, टाळ्या व्हायच्या, चार वाजता चहा. आणि ऑब्जेक्टवाले खरंच सावकाश असतील, कुणी सांगावं? हे शेवटचं वाक्य मनात उमटलं मात्र, तिला स्वतःचीच चमत्कारिक किळस आली. कारण 'कुणी सांगावं' याच प्रश्नासाठी तर तिला पगार मिळत होता. ती पुढे सरकली आणि तिने बोर्डाची जुनी नोंदवही उघडली. कुणी कुठलं कार्ड पहिल्यांदा नुसतं उघडून वाचलं, त्याचीही वेळ यंत्र मुकाट्याने लिहून ठेवत होतं. ती कुणी मागितली नव्हती म्हणून कुणी दिली नव्हती. विचार तिथपासून सुरू होत असणार. अगदी तिथूनच असं नाही, पण कार्ड उचलण्यापेक्षा त्याच्या कितीतरी जवळ. तिने चारशे बारा कामांचं घड्याळ तिथून लावायला घेतलं, महिन्यामागून महिना.

पहिल्या महिन्याला एकतीसचे एकवीस झाले. ती उठली, पाणी प्यायली, परत बसली. दुसरा आणि तिसरा महिना जोडल्यावर चौदा. आपल्या छातीत जे काही वाजतंय ती भीती असणार असं ती धरून चालली होती, भीतीच असायला हवी होती. तीन वाजता सगळ्यांसमोर आपलं हसं होणार, विभाग गेला, पाटी गेली, एकोणीस वर्षांनी एकदा नाव छापून येणार होतं ते असं. पण बाराच्या सुमाराला आकडा नवावर आला आणि तिच्या ध्यानात आलं की आपण हसतोय. एकटीच, बंद खोलीत, दात दिसतील असं. भीतीबिती काही नव्हती. गच्च बसलेलं झाकण किती वेळ झटून एकदाचं फिरल्यावर मनगटात जे होतं तसं काहीतरी तिला सगळ्या अंगभर होत होतं. आणि त्या भरात, कुठलीही पूर्वसूचना न देता, तिच्या डोळ्यांपुढे घरचं जेवणाचं टेबल उभं राहिलं. टेबलावर गजराचं घड्याळ, घड्याळाशेजारी आई, समोर वही. दहा गणितं. ताई आठवीत, आपण सहावीत. आई दोघींना वेळ लावायची. ताई यायची, खुर्चीत बसायची, भराभरा लिहायची आणि बारा मिनिटांत वही मिटून उठायची. आपण तिथे पाऊण तास, पेन्सिलीचं टोक चावत, आकड्यांकडे बघत. "अगं, किती वेळ लावतेस," आई म्हणायची, "अगदी गोगलगाय आहेस!" रागाने नाही, लाडानेच म्हणायची, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मावश्यांनी उचललं, मामांनी उचललं. कॉलेजात कुणी म्हणत नव्हतं तेव्हा ती स्वतःच स्वतःला म्हणायला लागली. परीक्षेत, मुलाखतीत, इथे पहिल्या दिवशी, लग्न ठरवताना 'जरा विचार करून सांगते' म्हणाल्यावर नवऱ्याने भुवई उंचावली होती तेव्हासुद्धा. आपण सावकाश आहोत, ही तिला आपल्याविषयी असलेली सगळ्यात पक्की माहिती होती. डोळे कसे आहेत, उंची किती आहे, याच्याही आधीची.

ताई बसायच्या आधी काय करायची? हा प्रश्न पस्तीस वर्षांत तिला एकदाही पडला नव्हता. तिने फोन उचलला.

"जेवलीस का?" आईने नेहमीप्रमाणे आधी हेच विचारलं.

"जेवेन. आई, एक सांग. लहानपणी तू आम्हाला गणितांना वेळ लावायचीस ना, तर घड्याळ कधी लावायचीस?"

"काय गं हे भर दुपारी?"

"सांग ना."

"कधी म्हणजे? खुर्चीत बसलात की."

"आणि ताई बसायच्या आधी काय करत असायची?"

"ती कुठली बसतेय लवकर! वहीत डोकावायची आणि गॅलरीत जायची. फेऱ्या मार, कठड्याला लोंबकळ, स्वतःशीच पुटपुट. हाका मारून मारून माझा घसा सुकायचा. तू मात्र शहाणी, वही उघडली की बसलेली."

"किती वेळ असायची ती गॅलरीत?"

"असेल अर्धा तास. जास्तच. मला वाटायचं खेळतेय."

पलीकडे आईने कुकरखालचा गॅस बारीक केल्याचा आवाज आला. "का गं, काय झालं?" आईने विचारलं. "ताईचं काही आहे का?"

"नाही गं. आई, मी गोगलगाय नव्हते."

"कोण म्हणालं तुला गोगलगाय?"

"तूच म्हणायचीस."

"मी? शक्यच नाही," आई ठामपणे म्हणाली. "तू तर पहिल्यापासून हुशार. आधी जेवून घे बघू."

फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे वाहत होते आणि तिला ते पुसावेसे वाटत नव्हते. आईचा राग आला नाही. ताईचाही नाही, बिचारी कठड्याला लोंबकळत गणितं करत होती, सगळ्यांना वाटत होतं खेळतेय, तिलाही कुणी त्या अर्ध्या तासाचं श्रेय दिलं नव्हतं. दोघींना लागत होता तो वेळ जवळपास एकच. एकीचा घड्याळाने पाहिला, एकीचा पाहिला नाही, एवढाच काय तो फरक, आणि तेवढ्यावर एक मुलगी चलाख ठरली आणि एक मंद. आणि त्या मंद मुलीने मोठी होऊन, इतकी शिकून-सवरून, नऊ माणसांच्या बाबतीत नेमकं तेच केलं होतं. नेमकं तेच! तिला पुन्हा हसू फुटलं. या जगात ही चूक जिला सापडायलाच हवी अशी एकच व्यक्ती होती आणि ती या खुर्चीत बसलेली होती. शेवटचा महिना जोडून झाला. आकडा उतरला दोनावर, आणि त्या दोनाच्या इकडे-तिकडे सहा-सहा टक्क्यांची धूळ होती, म्हणजे ते दोनही असतील किंवा नसतील. तिने तो एकच तक्ता नवीन पानावर घेतला, आरशात बघून नाक पुसलं, जेवली, अगदी सावकाश चावून जेवली, आणि तीनला पाच मिनिटं असताना मीटिंगच्या खोलीत जाऊन बसली.

खोलीत डायरेक्टरसाहेब होते, गुरुजी होते, कोपऱ्यात काका होते, आणि भिंतीकडेने इतर सात-आठ जण. गुरुजींनी नवीन शर्ट घातला होता. काकांनी हाताची घडी घातली होती आणि ते टेबलाच्या कडेकडे बघत होते. आपल्या नऊ माणसांना उद्या काय सांगायचं याची जुळवाजुळव त्यांच्या मनात चालली असावी, कारण त्यांचे ओठ हलत होते. पडद्यावर भलामोठा एकतीस होता. ती उभी राहिली. एरवी सभेत बोलायचं म्हटलं की तिचा आवाज घशाच्या तळाशी जाऊन बसायचा आणि त्याला वर काढता काढता समोरची माणसं घड्याळाकडे बघायला लागायची. आज आवाज आपण होऊन वर आला.

"हा आकडा चुकीचा आहे," ती म्हणाली. "कुणी बनवलेला नाही. मीच चुकीचा मोजला."

डायरेक्टरसाहेबांनी चष्मा काढला. "चुकीचा म्हणजे किती? एकतीसचे अठ्ठावीस?"

"एकतीसचे दोन. आणि ते दोनही धरू नका."

मग तिने सगळं सांगितलं. साडेनऊचा नेम सांगितला, फेऱ्या सांगितल्या, कार्ड आधी आणि विचार मागून, विचार आधी आणि कार्ड मागून. नवीन तक्ता दाखवला. घाईघाईने नाही. मध्ये कुणी खोकलं तर थांबली, आणि पुन्हा सुरू केलं. तिचं तिलाच नवल वाटत होतं की या सगळ्यात आपल्याला लाज वाटायची राहूनच गेली आहे. तिला वाटत होता तो शुद्ध, निखळ आनंद, आणि अभिमानसुद्धा. हो, अभिमानच, त्याला दुसरा शब्द नाही. अकरा महिन्यांत तिने केलेलं सगळ्यात चांगलं मोजमाप हे होतं, आणि ते तिने स्वतःचंच घेतलं होतं.

"म्हणजे आम्ही हरलो?" गुरुजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरं कुतूहल होतं.

"नाही."

"म्हणजे आम्ही जिंकलो!" कोपऱ्यातून काका.

"नाही हो. कुणीच नाही. कुठल्या रीतीने काम लवकर होतं ते मला माहीत नाही." 'मला माहीत नाही' हे शब्द इतके मोठे आणि इतके मोकळे असतात हे तिला ठाऊक नव्हतं. ते म्हणताना तिची पाठ ताठ झाली होती.

डायरेक्टरसाहेबांनी बराच वेळ तक्त्याकडे बघितलं. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना पुढच्याच आठवड्यात वर जाऊन हा एकतीस मिरवायचा होता. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी दहा वीसला."

"मग मला तेव्हाच फोन का नाही केलात?"

"तुम्ही मीटिंग पुढे ढकलली असतीत," ती म्हणाली. "आणि नवी तारीख ठरेपर्यंत ती नऊ नावं वर पोचली असती."

भिंतीकडेने कुणीतरी दबकत हसलं आणि लगेच गप्प झालं. डायरेक्टरसाहेबांनी चष्मा परत घातला. समोरच्या फाइलमधून एक कागद काढला, दुमडला, आणखी एकदा दुमडला आणि खिशात घातला. "टीम आहे तशी राहील," ते म्हणाले. "आणि तुमच्या विभागाचं आत्ता काही बोलायला नको. तुम्हीच समजून घ्या." तिने मान हलवली. विभाग गेला होता. हे वाक्य तिने मनातल्या मनात म्हणून पाहिलं, कुठे दुखतंय का ते चाचपलं. दुखत होतं, थोडंसं, एका बाजूला. पण ते दुखणं बाकीच्या अंगात भरून राहिलेल्या या प्रचंड हलकेपणात कुठल्या कुठे पडलं होतं.

कॉरिडॉरमध्ये काका तिच्या मागून जवळजवळ धावत आले. ते आभार मानतील असं तिला क्षणभर वाटलं आणि तिला अवघडल्यासारखं झालं. पण काका रागावलेलेच होते.

"तुम्ही केलंत ते बरं केलंत," ते धापा टाकत म्हणाले, "पण अर्धवट केलंत! आमची रीत जास्त चांगली आहे हे साफ सांगून टाकायचं ना तिथेच. संधी होती."

ती इतक्या मोठ्याने हसली की दोन-तीन दारांतून माणसं डोकावली. "काका, तसं खरंच असलं ना, तर तेही मोजून दाखवेन."

"दाखवा ना! मी तुम्हाला माझी सगळी माणसं देतो, बोर्ड देतो, हवं ते देतो. साडेनऊचा नेमसुद्धा मोडतो, जा. फक्त एक सांगा, किती दिवस लागतील?"

हा प्रश्न तिला आयुष्यभर विचारला गेला होता आणि प्रत्येक वेळी तिने मनातल्या आकड्याचा निम्मा आकडा सांगितला होता, मग उरलेला निम्मा चोरून, सुट्ट्यांमध्ये, सगळ्यांचं जेवण झाल्यावर, जणू काही गुन्हा करत असल्यासारखा भरून काढला होता. काका उत्तराची वाट बघत उभे होते. तिने घाई केली नाही. कॉरिडॉरच्या मधोमध उभी राहून तिने सगळं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात एकदा नीट चालून पाहिलं, आणि त्यात जो काही वेळ गेला तो जाऊ दिला.

"लागतील तेवढे," ती म्हणाली.